स्लॅबचे दिवस लांबतायत, दर्जा घसरतोय, माणसं जखमी होतायत: आधी कशाला हात घालू?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याजवळ पार्किंग अधिक ११ मजल्यांची निवासी इमारत. प्रश्न विचारणारे तिथे साइट इंजिनिअर आहेत, अनुभव ३ वर्षांचा. स्लॅब दर १२ दिवसांनी भरायचं ठरलंय, प्रत्यक्षात १७-१८ दिवस लागतायत. कॉलमच्या मुळाशी हनीकोम्ब (कॉंक्रीटमधले पोकळ, खडी उघडी पडलेले भाग) निघतायत, महिन्याभरात दोन कामगार जखमी झाले. वरिष्ठ म्हणतात, "आधी स्लॅब होऊ दे, बाकीचं नंतर बघू." त्यांनी विचारलंय की वेग, दर्जा आणि सुरक्षितता या तिघांपैकी आधी कशाला हात घालायचा.

मी २६ वर्षं साइटवर आहे, बहुतेक इमारतींवरच. माझं उत्तर असं की तुमच्या साइटवर हे तीन प्रश्न नाहीत, एकच आहे. हे पुस्तकी वाटू नये म्हणून एक घडलेली गोष्ट सांगतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी एका साइटवर होतो. सातव्या मजल्याचं सेंटरिंग (कॉंक्रीट ओतायचा तात्पुरता साचा) चालू होतं आणि ३० प्लाय, म्हणजे प्लायवुडच्या फळ्या, कमी पडल्या. सेंटरिंगच्या मुकादमाने पोरांना सांगितलं, इमारतीत जिथे सुटी प्लाय दिसेल ती उचलून आणा. एका पोराला सहाव्या मजल्यावर एक अख्खी प्लाय जमिनीवर पडलेली दिसली. त्याने वाकून ती दोन्ही हातांनी उचलली, छातीसमोर उभी धरली आणि पुढे पाऊल टाकलं. प्लायखाली प्लंबिंगचा डक्ट होता, म्हणजे पाइपांसाठी स्लॅबमध्ये सोडलेली आरपार मोकळी जागा. ती तिथे झाकण म्हणून ठेवलेली होती, पण खिळे मारलेले नव्हते आणि वर काही लिहिलेलंही नव्हतं. समोर प्लाय असल्यामुळे त्याला खालचं दिसलंच नाही. तो दोन मजले खाली गेला. कमरेचं हाड मोडलं, जीव वाचला, पण सेंटरिंगच्या कामावर तो परत कधी आला नाही.

त्या दिवशी काम बंद राहिलं. गेलेला दिवस भरून काढायचा म्हणून दुसऱ्या दिवशी कॉंक्रीट दुपारी ४ वाजता सुरू केलं. रात्री ११ वाजता हॅलोजनच्या उजेडात शेवटचा बीम भरला. मधे गाड्या उशिरा आल्या, एका जागी आधीचं कॉंक्रीट सेट झाल्यावर नवं पडलं. त्या सांध्यातून पुढच्या पावसाळ्यात पाणी गळलं.

कागदावर याच्या तीन फायली झाल्या. उशिराच्या अहवालात कारण आलं 'मजूर कमी', दर्जाच्या अहवालात 'देखरेख अपुरी', अपघाताच्या अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा'. मी त्या तिन्ही फायली पाहिल्या आहेत आणि त्यातल्या एकीवर माझी सही आहे. ते आजही मला सलतं. खरं कारण होतं ३० प्लायची खरेदी ऑर्डर. सही न होता ती ९ दिवस ऑफिसात पडून होती.

म्हणून तुम्हाला पहिलं काम सांगतो. मजूर वाढवण्याआधी आणि कुणाला ओरडण्याआधी दोन दिवस वही घेऊन फिरा. दर तासाला एक फेरी मारा. प्रत्येक माणसाकडे नजर गेली त्या क्षणी तो काय करतोय तेवढंच लिहा: हात चालू आहे, सामान वाहतोय, की वाट बघतोय. वाट बघत असेल तर कशाची, हेही लिहा. नाव लिहू नका. नाव दिसलं की लोक घाबरतात आणि वही बघून उगाच हातोडी मारायला लागतात. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा दर १० माणसांतली ४ खरोखर काम करत होती. उरलेली आळशी नव्हती. कुणी सळई वर यायची वाट बघत होतं, कुणी आखणीची, कुणी लिफ्टची. दोघं पाणी प्यायला तळमजल्यावर गेले होते.

ते पाणी प्यायला जाणं किरकोळ समजू नका. नवव्या मजल्यावरचा माणूस पाण्याला किंवा संडासला खाली उतरून परत वर आला की २०-२५ मिनिटं जातात, आणि उन्हाळ्यात तो तीनदा उतरतो. दर तीन मजल्यांवर झाकणाची पाण्याची टाकी आणि एक तात्पुरता संडास ठेवा. खर्च एकदाच होतो आणि तो महिनाभरात निघतो. आमच्याकडे यामुळे जिन्यातल्या आणि कोपऱ्यातल्या घाणीचा प्रश्नही सुटला. मे महिन्यात चक्कर येऊन बसणारी माणसंही कमी झाली.

आता तुमचे १७ दिवस. तुम्ही लिहिलंय की टेक्यांचे (साचा खालून पेलणाऱ्या उभ्या आधारांचे) दोन सेट आहेत आणि हॉलवरचे काही बीम साडेसहा मीटरचे आहेत. गाठ इथेच आहे असं मला वाटतं. आयएस ४५६:२००० या कॉंक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी टेके काढायची किमान मुदत अशी आहे: (आधारापासून आधारापर्यंत) ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस, त्यावरच्याला १४ दिवस. ६ मीटरपर्यंतच्या बीमला १४ दिवस, त्यावरच्याला २१ दिवस. पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं सिमेंट) वापरत असाल तर यापेक्षा जास्तच धरायचं. आता हिशोब करा. स्लॅब भरल्यावर साधारण चौथ्या दिवशी वरच्या मजल्याचे टेके उभे राहायला हवेत. दोनच सेट असतील तर ते दोन मजले खालून यायचे, आणि चौथ्या दिवशी तो खालचा स्लॅब १६ दिवसांचा झालेला असतो. स्लॅबचे आणि लहान बीमचे टेके सुटतात, पण साडेसहा मीटरच्या बीमचे २१ दिवसांशिवाय सुटत नाहीत. म्हणजे ते हातात येतात नवव्या दिवशी. तिथून बीमचा तळ, सळई, बाजूच्या फळ्या, तपासणी आणि कॉंक्रीट असे ८ दिवस धरा. म्हणजे एक स्लॅब १२ दिवसांत भरला, की पुढच्याला १७ लागतात.

तुमच्या मजुरांचा यात काही दोष नाही. मोठ्या दाबाखाली मात्र एक वाईट गोष्ट घडते, आणि ती तुमच्याकडे घडत नाही ना हे आज संध्याकाळी बघून या. मुकादम २१ दिवस थांबत नाही. तो १५-१६ दिवसांचे टेके गुपचूप काढतो आणि अधेमधे एखादा दाखवण्यापुरता ठेवतो. बीम लगेच पडत नाही, पण वाकतो. पुढे भिंतीला भेगा पडल्या की आपण गवंड्याला दोष देतो.

उपाय स्वस्त आहे. अख्खा तिसरा सेट मागू नका, मिळणार नाही. ६ मीटरवरच्या बीमचे तळ आणि त्यांचे टेके एवढाच जादा संच मागा. स्लॅबच्या प्लाय ३ दिवसांनी काढता येतात, पण टेके लगेच परत लावायच्या अटीवर. साइटवर पूर्ण खोलीतले टेके आधी काढतात आणि मग परत लावतात, ते चूक आहे. मधला फळीचा पट्टा टेक्यांसकट जागीच राहील अशी रचना आधीपासून ठेवा. खालचे किती मजले टेक्यावर ठेवायचे हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. ताज्या स्लॅबचं वजन खालच्या कच्च्या स्लॅबवरच येतं.

दुसरी गोष्ट, दर आठवड्याची बैठक. तुमच्याकडे बैठक होते, पण तिथे साहेब बोलतात आणि मुकादम 'हो हो' म्हणून निघून जातात. अमेरिकेत ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी १९९०च्या दशकात एक साधी पद्धत मांडली: काम जो प्रत्यक्ष करून घेतो त्यानेच पुढच्या आठवड्याचा शब्द द्यायचा, आणि आडकाठी दूर झालेल्या कामाचाच शब्द द्यायचा. मी ती आपल्या पद्धतीने चालवतो. शनिवारी संध्याकाळी ५ वाजता सेंटरिंग, सळई, प्लंबिंग, इलेक्ट्रिक आणि गवंडी यांचे मुकादम बसतात, सोबत स्टोअरकीपर. पुढच्या तीन आठवड्यांतलं प्रत्येक काम घ्यायचं आणि विचारायचं, हे सुरू व्हायला काय अडतंय? ड्रॉइंग, माल, माणसं, आधीचं काम, जागा, की उंचीवर उभं राहायची सोय? अडतंय ते एका वहीत जातं. आमच्याकडे तिचं नाव 'आडकाठी वही'. प्रत्येक आडकाठीसमोर ती कोण दूर करणार त्याचं नाव आणि तारीख लिहायची. त्या ३० प्लाय अशा वहीत असत्या तर दुसऱ्या शनिवारी सगळ्यांसमोर आल्या असत्या.

पुढच्या शनिवारी एवढंच मोजायचं: २० कामांचा शब्द दिला होता, पूर्ण किती झाली? सुरुवातीला निम्मी झाली तरी नाराज होऊ नका. न झालेल्या प्रत्येक कामाचं कारण लिहा. दोन महिन्यांत दिसतं की तीच चार कारणं फिरून फिरून येतायत. एक पथ्य मात्र पाळा. पहिल्या बैठकीत खरं बोलणाऱ्या मुकादमाला झापलंत, तर पुढच्या वेळेपासून वहीत खोटंच येईल.

हनीकोम्बबद्दल तुम्ही ओलं कॉंक्रीट हलवून घट्ट बसवणाऱ्या व्हायब्रेटरवाल्याला दोष दिलाय. आधी कॉलमच्या मुळाशी स्वतः बसून बघा. मी दरवेळी बघतो. बॅटरी लावून वरून आत पाहिलं की बहुतेकदा हेच दिसतं: भुसा, बांधायच्या तारेचे तुकडे, मातीचा थर, आणि लॅपच्या (खालची-वरची सळई शेजारी जोडतात त्या) जागी सळया इतक्या दाट की मधे बोट जात नाही. तिथे २० मिलीमीटरची खडी कशी उतरणार? आधीच्या मजल्याच्या सळया सरकल्या असतील तर कव्हरही (सळईवरचा कॉंक्रीटचा थर) गेलेलं असतं. त्यामुळे दुरुस्ती खालच्या स्लॅबच्या दिवशीच करायची. कॉंक्रीट भरताना कॉलमच्या सळया जागेवर राहाव्यात म्हणून वर एक रिंग पक्की बांधून ठेवा. कॉलमच्या शटरिंगला (साच्याला) तळाशी एक छोटी खिडकी ठेवा, कॉंक्रीटच्या आधी त्यातून हवा मारून कचरा काढा. दाट जागेसाठी बारीक, २५ मिलीमीटरची नीडल (व्हायब्रेटरची दांडी) हाताशी असू द्या, आणि ती आदल्या दिवशी चालवून बघा. कॉंक्रीट दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून सोडू नका. पूर्ण उंचीचा कॉलम भरताना ही मर्यादा सगळीकडे मोडली जाते आणि खडी खाली वेगळी पडते. पाइप आत सोडा किंवा बाजूच्या खिडकीतून भरा.

स्लॅबच्या दिवशी गाड्यांचा हिशोब कागदावर करा. समजा ९० घनमीटर आहे, गाडी ६ घनमीटरची आणि तुमची टीम तासाला २५ घनमीटर नीट पसरून, नीडल मारून, लेव्हल करते. म्हणजे १५ गाड्या आणि दर १४-१५ मिनिटांनी एक. सकाळी ७ ला सुरू केलं तर ११ च्या आत संपतं. प्लँटवाला मात्र त्याच्या सोयीने एकदम चार गाड्या पाठवतो आणि नंतर पाऊण तास एकही नाही. रांगेतली चौथी गाडी तापते, कॉंक्रीट घट्ट होतं, ड्रायव्हर म्हणतो "साहेब, थोडं पाणी मारू?" इथे तुम्ही ठाम राहायचं. घनमीटरला ३८० किलो सिमेंट आणि १७१ लिटर पाणी असलेल्या मिश्रणात फक्त १० लिटर वाढवलं तर पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.४५ वरून साधारण ०.४८ वर जातं. ६ घनमीटरच्या गाडीत ते ६० लिटर होतं, म्हणजे पाइप धरून एक-दोन मिनिटं. वर दुःख असं की क्यूब (ताकद तपासायला भरलेले कॉंक्रीटचे ठोकळे) बहुतेक वेळा पाणी मारायच्या आधी भरलेले असतात. क्यूब पास होतात आणि स्लॅब कच्चा राहतो. ९० घनमीटरला ५ नमुने, प्रत्येकी ३ क्यूब, हे आयएसचं किमान आहे. ते वेगवेगळ्या गाड्यांतून घ्या, एकाच गाडीतून पंधरा भरू नका. ज्या गाडीबद्दल शंका वाटते तिचा तर नक्की घ्या. लोडिंगपासून २ तासांच्या आत गाडी रिकामी व्हायला हवी, तेव्हा चलनावरची वेळ बघणारा एक माणूस गेटवर बसवा.

क्युरिंगवर (कॉंक्रीट पाण्याने ओलं ठेवण्यावर) सगळे मान डोलावतात आणि कुणीच करत नाही. पीपीसीला किमान १० दिवस, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात १४ धरा. अडचण ही असते की दुसऱ्याच दिवशी आखणीवाला वर जातो, स्लॅबवर पाणी साठवायला घातलेली आळी फोडतो, आणि ती पुन्हा कुणी घालत नाही. आमच्या साइटवर पाणी मारायला एकच माणूस असतो. तो रोजंदारीवर असतो, उक्त्यावर नाही, आणि त्याला दुसरं काम सांगायची मनाई आहे. कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळतो. कॉलमवर लाल रंगाने दोन तारखा लिहितो, भरल्याची आणि पाणी थांबवायची. साहेब फेरीला आले की गोणपाटाला हात लावून बघतात. कोरडं असेल तर मला विचारतात, पाणीवाल्याला नाही. तसंच असायला हवं.

इथे पैशांबद्दल बोलावंच लागेल. काम चौरस फुटाच्या उक्त्या दराने दिलं की कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून वर ठेवणारे ठोकळे) लावणं, शटरिंग साफ करून तेल मारणं, कडेला रेलिंग उभं करणं, हे सगळं मुकादमाच्या खिशातून जातं. त्याने ते टाळलं तर मला नवल वाटत नाही. या गोष्टी दरातून वेगळ्या काढा आणि त्यांचे वेगळे पैसे द्या. बिल वेळेवर द्या. पैसे अडकले की मुकादम उचल घेतलेल्या माणसांना दुसऱ्या साइटवर नेतो. मग नवखी माणसं येतात, आणि माझ्या पाहण्यात तरी सगळ्यात जास्त लागतं ते नवख्यांनाच, पहिल्या काही दिवसांत. नव्या माणसाचे पहिले ७ दिवस हेल्मेटचा रंग वेगळा ठेवा, म्हणजे बाकीचे त्याच्याकडे लक्ष ठेवतात.

सुरक्षिततेत उंचीवरून पडणं सगळ्यात आधी. डक्टवर प्लाय ठेवणं मी त्या दिवसापासून बंद केलं. स्लॅब बांधतानाच डक्टच्या आरपार ८ मिलीमीटर सळईची जाळी घालतो आणि ती तशीच ठेवून कॉंक्रीट करतो. प्लंबर येईल त्या दिवशी, त्याच्या उंचीवरच्या कामाची परवानगी झाल्यावरच ती कापायची. जाळी उचलून नेता येत नाही. कडेच्या रेलिंगसाठीही स्लॅब भरतानाच पाइपचे तुकडे आत बसवा; दुसऱ्या दिवशी शटरिंग निघालं की लगेच दांड्या उभ्या राहतात. वेगळं भोक पाडायचं म्हटलं की ते काम पंधरा दिवस होत नाही. सेफ्टी बेल्ट दिलात आणि हुक अडकवायला लाइफलाइन दिली नाहीत, तर तो माणूस सुरक्षित झालेला नसतो, फक्त त्याच्या अंगावर ओझं वाढतं.

सळयांची जाळी ही दुसरी गोष्ट. ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री पुण्यात येरवड्याच्या शास्त्रीनगरमध्ये बांधकाम चालू असताना लोखंडी सळयांची जाळी कोसळली आणि ५ कामगार गेले. तुमच्या साइटवर राफ्ट (पायाचा जाड स्लॅब) झाला असेल, पण पाण्याच्या टाकीचा जाड स्लॅब अजून व्हायचाय. वरची जाळी ज्या खुर्च्यांवर उभी राहते त्या किती, कुठल्या व्यासाच्या, आडव्या धक्क्याला तिरपे आधार आहेत का, हे ड्रॉइंगवर असायला हवं. फिटरच्या अंदाजावर सोडू नका. वर सळयांचे गठ्ठे एका जागी उतरवू देऊ नका.

पावसाळा तोंडावर आहे म्हणून आणखी एक. २९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात संरक्षक भिंत कामगारांच्या झोपड्यांवर पडली आणि १५ जीव गेले, त्यात लहान मुलं होती. ती माणसं त्या वेळी कामावर नव्हती, झोपलेली होती. तुमची लेबर कॉलनी कुठल्या भिंतीच्या, खड्ड्याच्या किंवा मातीच्या ढिगाच्या पायथ्याशी आहे का, हे या आठवड्यात स्वतः चालत जाऊन बघा. असेल तर पाऊस यायच्या आत हलवा. यासाठी कुणाच्या मंजुरीची वाट बघू नका. तात्पुरत्या विजेच्या प्रत्येक बोर्डाला ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारं बटण) लावा आणि आठवड्यातून एकदा त्याचं बटण दाबून तो उडतो का ते बघा. कामगारांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून द्या. वय १८ ते ६०, मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेलं असावं लागतं. ९० दिवसांच्या दाखल्यासाठी ते बिचारे फिरत असतात, आणि तो तुमच्या हजेरीच्या वहीतून एका तासात निघतो.

'शून्य अपघात'च्या महिन्याला बक्षीस देऊ नका. मी ते करून पाहिलंय. बोट कापलेला माणूस रुमाल गुंडाळून लपून बसला होता, कारण त्याच्यामुळे सगळ्यांची मिठाई गेली असती. जो मोकळा डक्ट किंवा हलणारी परांची दाखवेल त्याचं नाव सकाळी सगळ्यांसमोर घ्या आणि ती गोष्ट त्याच दिवशी दुरुस्त करा. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं येतात.

वरिष्ठांना काय सांगायचं, हेही तुम्ही विचारलंय. सुरक्षितता महत्त्वाची आहे असं सांगू नका, ते हो म्हणतील आणि विसरतील. टेक्यांचा हिशोब एका पानावर मांडा: नववा दिवस कुठून येतो, आणि मोठ्या बीमचा जादा संच आला तर तो चौथ्या दिवसावर कसा येतो. दोन दिवसांच्या वहीतलं पान सोबत ठेवा. मग तीन गोष्टी मागा: बीमचा संच, वरच्या मजल्यांवर पाणी आणि संडास, आणि शनिवारी एक तास, ज्यात खरेदीचा माणूसही बसेल. त्यांना दिवस वाचवायचे आहेत, आणि हे पान दिवसांबद्दलच आहे.

ते सोमवारी. उद्या सकाळी मात्र काम सुरू व्हायच्या आधी सगळे मजले चढा आणि डक्टवरची प्रत्येक प्लाय पायाने ढकलून बघा. एखादी जरी सरकली, तरी जागेवरच मुकादमाला बोलवा आणि खिळे मारून होईपर्यंत तिथून हलू नका.